कॅमेऱ्याची जागा

सप्टेंबर २०२० मध्ये मेलबर्नच्या सरकारला एकट्या माणसांची दया आली. लॉकडाऊन लागून दोन महिने झाले होते. नवा नियम असा निघाला की जो एकटा राहतो त्यानं एक माणूस निवडायचा, फक्त एक, आणि तो माणूस त्याच्या घरी जाऊ शकेल. याला सिंगल बबल म्हणायचे. क्लेटन या उपनगरात आमच्या ड्राइव्हवेवर चार युनिटं, म्हणजे छोटी बैठी घरं, आहेत. पहिल्यात फोल्कमार टीडेमान नावाचा ऐंशी वर्षांचा जर्मन म्हातारा राहायचा. तिसऱ्यात आम्ही, म्हणजे मी व्हॅलेंटाइन, बायको ॲग्नेस आणि आठवीतली मुलगी रेनी. आठ वर्षांत त्याचं-माझं बोलणं आज कचऱ्याचा हिरवा बिन बाहेर ठेवायचा की पिवळा, एवढंच झालं होतं. त्यानं मला निवडलं.

मला राग आला, खोटं कशाला बोलू. मी हॉस्पिटलच्या तळघरात काम करतो. ऑपरेशनच्या कात्र्या, चिमटे, क्लॅम्प धुवायचे, तपासायचे, वाफेच्या मशीनमध्ये घालायचे. त्या दिवसांत शिफ्ट संपवून घरी आलो की मला कुणाचं तोंड बघावंसं वाटायचं नाही, स्वतःच्या घरातल्यांचंही. आणि आता हा दुष्काळात तेरावा महिना. पण दारावर उभं राहून ऐंशी वर्षांचा माणूस विचारतो तेव्हा नाही कसं म्हणणार.

"मीच का?" मी विचारलं.

"तू बिन ओढतोस तेव्हा आवाज होत नाही," तो म्हणाला. "चाकं उचलून नेतोस. बाकीचे दोघे नाही नेत."

पहिल्या शनिवारी गेलो तर त्याच्या हॉलमध्ये गालिच्यावर पांढऱ्या चिकटपट्टीच्या दोन फुल्या मारलेल्या. त्यानं टेपनं मोजून दीड मीटर अंतर ठेवलं होतं. एका फुलीवर त्याची खुर्ची, दुसरीवर माझी. नटांना कुठे थांबायचं ते कळावं म्हणून शूटिंगच्या वेळी जमिनीवर अशा खुणा करतात, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी वाटलं, म्हातारा चक्रम आहे. खुर्ची जरा मागे सरकवली तर म्हणाला, "तिथे उजेड नाही. पुढे ये."

तो डायरेक्टर होता हे मला असं कळलं. घरात एकही पोस्टर नाही, बक्षीस नाही, कपाटावर मांडलेलं काही नाही. बागेतला पाण्याचा पाइप मात्र तो अशा वेटोळ्यात गुंडाळायचा की कधी पीळ पडायचा नाही. ते मी वर्षानुवर्षं बघत आलो होतो. सतराव्या वर्षी तो टीव्ही स्टेशनवर लागला तो केबल गुंडाळायलाच. वडील पोस्टमन होते आणि मुलगाही पोस्टात जाणार असं घरात ठरलेलं होतं. चार वर्षं केबल, मग आठ वर्षं असिस्टंट, त्याच्या शब्दांत कॉफी आणि शिव्या. १९६९ साली पहिलं दिग्दर्शन मिळालं ते लहान मुलांच्या बाहुल्यांच्या कार्यक्रमाचं. एक बीव्हर आणि एक बदक. बदकात हात घालून ते नाचवणारा माणूस दारुडा होता, म्हणून बदक नेहमी डावीकडे कललेलं असायचं. हे सांगताना तो हसला नाही. मीही नाही हसलो. त्या वर्षी हसायला फार वेळ लागायचा.

पुढे सतरा वर्षं एकच मालिका. बंदरावरची पोलीस चौकी, दर गुरुवारी सव्वाआठला. त्यातले त्रेसष्ट भाग याचे. "जर्मनीत सगळ्यांना तो इन्स्पेक्टर माहीत होता," तो म्हणायचा, "आणि इन्स्पेक्टरचा कुत्रा माहीत होता. माझं नाव कुत्र्यानंतर यायचं." त्रेसष्ट भाग म्हणजे त्रेसष्ट प्रेतं. प्रत्येक प्रेताच्या वेळी तो एकच प्रश्न विचारायचा: हे कुणी पाहिलं? कोळ्यानं पाहिलं तर कॅमेरा कोळ्याच्या जागी. झाडूवालीनं पाहिलं तर झाडूवालीच्या उंचीवर. क्रेन नाही, छतावरून नाही. छतावर कुणी बसलेलं नसतं, हे त्याचं ठरलेलं वाक्य. कॅमेरा नेहमी माणूस उभा राहू शकेल तिथेच, आणि एकदा उभा केला की हलवायचा नाही. यावरून त्याची दोनदा हकालपट्टी होता होता राहिली, कारण लोकांना हलतं चित्र आवडतं.

१९८८ साली त्याला आयुष्यातला एकमेव सिनेमा मिळाला. जुन्या काळी इकडे व्हिक्टोरियात मेंढ्या घेऊन आलेल्या जर्मन कुटुंबाची गोष्ट, शूटिंगही इकडेच. जर्मनीत ल्यूबेक गावातल्या घरी बायको होती आणि अकरा वर्षांची मुलगी आन्के. तिला त्यानं सांगितलं, सहा आठवड्यांत येतो. शूटिंगवर लॉर्ना नावाची बाई कंटिन्युइटी बघायची, म्हणजे आधीच्या शॉटमध्ये कप कुठल्या हातात होता ते लिहून ठेवायची. सहा आठवडे संपले. सिनेमा दोन थेटरांत एक आठवडा चालला. तो स्वतः गेला त्या खेळाला अकरा माणसं होती, त्यातली चार सिनेमात काम केलेलीच. तो लॉर्नाबरोबर मेलबर्नलाच राहिला.

एवढं त्यानं एका दमात सांगितलं, सबब न सांगता. मला तेव्हा कशाचंच काही वाटत नव्हतं. सकाळी उठायचं, मास्क, ट्रेन, तळघर, वाफ, ट्रेन, घर. कुणी सांगितलं असतं की मी माणूस मारलाय, तरी मी बहुतेक विचारलं असतं की दूध आणलं का.

"मग इथे काय केलंत?" मी विचारलं.

"टायरच्या जाहिराती. संध्याकाळच्या मालिकेत नर्स रडते ते भाग. मग कामगारांसाठी सेफ्टीच्या फिल्म्स. जड खोकं कसं उचलायचं वगैरे."

"थांबा," मी म्हटलं. "एक जाडा माणूस कमरेत वाकून खोकं उचलतो, पाठ धरतो, मग एक बाई येऊन त्याला गुडघे वाकवायला शिकवते?"

"जाडा नव्हता. स्वेटर जाडा होता."

मी २०१२ साली नोकरीला लागलो तेव्हा पहिल्याच दिवशी आम्हा नव्या लोकांना अंधाऱ्या खोलीत बसवून ती फिल्म दाखवली होती. सात मिनिटांची, शेवटी २००६ साल लिहिलेलं. त्याच्या सबंध कारकिर्दीतलं मी एवढंच पाहिलंय. आणि त्यातही कॅमेरा हलला नव्हता, हे मला तेव्हा, त्या फुलीवर बसल्या बसल्या आठवलं. शेजारी उभ्या असलेल्या सहकाऱ्याच्या जागी तो होता, बघत, मदत न करता.

दर रविवारी संध्याकाळी सहाला आन्केचा फोन यायचा, आयपॅडवर. चार-पाच वर्षांपूर्वी, लॉर्ना गेल्यावर तिनं एकदा फोन केला आणि मग चालू ठेवला. एकदा आयपॅडचा आवाज येत नव्हता म्हणून त्यानं मला रविवारी बोलावून घेतलं. म्हाताऱ्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता. दिवा डाव्या बाजूला ठेवून, त्यावर बेकिंग पेपर लावून उजेड मऊ केला होता. वाजलं, मी बटण दाबलं, आणि समोर आला काळा चौकोन, मध्ये पांढरं ए अक्षर. तिचा कॅमेरा बंद. तो त्या ए-कडे बघून वीस मिनिटं जर्मनमध्ये बोलला. तिला तो दिसत होता. त्याला ती नाही.

"कॅमेरा बिघडलाय का तिचा?" मी विचारलं.

"नाही."

"मग?"

त्यानं दिवा बंद केला, बेकिंग पेपरची घडी घातली. "शेवटचं पाहिलं ते १९९९ साली, स्टेशनवरच्या हॉटेलात. ती बावीस वर्षांची होती. आता त्रेचाळीस. मला तिचा चेहरा बघायचाय, व्हॅलेंटाइन. बाकी मला काही नकोय. एकदा."

"सांगा ना मग तिला."

"चाळीस वर्षं मी माणसांना सांगत आलो, इकडे बघ, हनुवटी वर कर. तिला नाही सांगणार."

घरी येऊन मी हे ॲग्नेसला सांगितलं तर तिचे डोळे भरून आले. रेनीनं लॅपटॉपवरून मान वर केली. तिची शाळा सहा महिने त्या लॅपटॉपमध्येच भरत होती. "Nobody puts their camera on, Dad," ती म्हणाली. "It's not personal."

"तिचं पर्सनल आहे," ॲग्नेस म्हणाली.

त्या वर्षीचा लॉकडाऊन उठला, नियम गेला, तरी मी शनिवारी जात राहिलो. का ते विचारू नका. सवय म्हणा. फुल्या त्यानं काढल्या नाहीत. आन्के दर रविवारी फोन करायची आणि दर रविवारी काळा चौकोन. मी शनिवारी गेल्यावर पहिलं विचारायचो, "दिसली?" तो मान हलवायचा. मग कॉफी.

मे २०२१ च्या पहिल्या आठवड्यात वसईला आमची आई गेली. कोविड नाही, हृदय. रात्री जेवून झोपली ती उठलीच नाही. तेव्हा भारतात काय चाललं होतं ते सगळ्यांना माहीत आहे. ऑस्ट्रेलियानं विमानं बंद केली होती आणि वर कायदा काढला होता की भारतातून परत येणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत तुरुंग. आपल्याच नागरिकाला. धाकट्या भावाचा, डॅनीचा फोन आला तेव्हा मी हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये रांगेत होतो. "उद्या दहाला नेतोय," तो म्हणाला. "वीस माणसांचीच परवानगी आहे. प्रल्हादला सांगितलंय, तो लाइव्ह दाखवेल." मी बरं म्हटलं. माझा नंबर आला, मी टोस्ट घेतला, खाल्ला. चवही लागली. त्याची मला अजून लाज वाटते.

प्रल्हाद म्हणजे गावातला व्हिडिओवाला. लग्न, बारसं, फर्स्ट कम्युनियन, सगळं तोच काढतो आणि सगळ्यात गुलाबाच्या पाकळ्या उडवतो. दुसऱ्या दिवशी आमच्या वेळेनं दुपारी दोनला मी आणि ॲग्नेस टीव्हीला फोन जोडून बसलो. बेल वाजली. दारात फोल्कमार, इस्त्रीच्या शर्टात. ॲग्नेसनं त्याला सांगितलं होतं. स्क्रीनवर प्रल्हाद आमच्या अंगणात चाचणी घेत होता. आधी आंब्याचं झाड दिसलं, मग कौलं, मग कौलं वरून.

"हे काय आहे?" फोल्कमार म्हणाला.

"ड्रोन," मी म्हटलं. "लग्नात वापरतो तो."

"त्या बाईला आकाशातून कोण बघणार आहे?"

"देव," ॲग्नेस म्हणाली.

"मग त्याला त्याचा कॅमेरा आणू दे." तो खुर्ची ओढून माझ्याजवळ बसला. "तू तिथे असतास तर कुठे उभा राहिला असतास?"

मला विचार करावा लागला नाही. आमच्याकडे शवपेटी चर्चला न्यायच्या आधी अंगणात ठेवतात, उघडी, आणि सगळं कुटुंब मागे उभं राहून एक फोटो काढतं. हसायचं नाही, रडायचं नाही, नुसतं उभं राहायचं. प्रत्येक घरात असे फोटो आहेत. थोरला मुलगा डोक्याशी उभा राहतो. बाबांच्या वेळी मी तिथेच होतो.

"डोक्याशी," मी म्हटलं. "उजव्या अंगाला."

"त्याला सांग तिथे उभा राहा. कॅमेरा छातीच्या उंचीवर. आणि काही झालं तरी हलायचं नाही."

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. मी फोनवर प्रल्हादला सांगितलं. पलीकडे गोंधळ. "व्हॅलेंटाइनदादा, ते ठीक आहे, पण मीच फॅमिलीत उभा राहिलो तर फॅमिली फोटो कोण काढणार?"

"नको काढू," मी म्हटलं. का म्हटलं ते मला माहीत नाही. फोल्कमारनं कान माझ्याकडे केले होते पण त्याला मराठी कळत नव्हतं.

डोक्याशी उभं राहिलं की चेहरा उलटा दिसतो. हे मी विसरलो होतो. कपाळ जवळ, हनुवटी लांब, आणि सगळ्यात जवळ केसांतला भांग. आईचा भांग कुणीतरी सरळ पाडला होता, ती स्वतः नेहमी वाकडा पाडायची. बोटांत रोझरीची माळ. माणसं एकेक करून आली, वाकून कपाळाचं चुंबन घेतलं. सरळ होताना मावशीनं सवयीनं प्रल्हादच्या दंडाला हात लावला, थोरल्याला लावतात तसा, आणि चित्र थरथरलं. तिच्या मागून आलेल्यांनीही लावला. मग डॅनीनं पवित्र पाणी शिंपडलं, आणि पाणी शिंपडायचा दांडा उजवीकडे पुढे केला, माझ्याकडे, म्हणजे कॅमेऱ्याकडे. क्षणभर काहीच झालं नाही. मग स्क्रीनच्या खालून रबरी मोजा घातलेला प्रल्हादचा डावा हात आला, त्यानं दांडा घेतला, तीनदा पाणी शिंपडलं आणि परत दिला. कॅमेरा हलला नाही.

ॲग्नेस हुंदके देऊन रडत होती. मी बघत होतो. तो हात माझ्या जागेवरून पुढे गेला होता एवढं मला कळलं, पण आत काही झालं नाही. पेटी उचलली, अंगण रिकामं झालं, कुणाची तरी एक चप्पल राहिली होती. मी उठून डिशवॉशरमधली भांडी काढायला लागलो. फोल्कमारनं कप विसळले आणि माझ्या शेजारी उभं राहून पुसले. तो एवढंच म्हणाला, "चांगला कॅमेरामन आहे."

फोटो राहिला म्हणून गावात अजून बोलतात. सत्तर वर्षांत आमच्या घरात बिनफोटोचा माणूस गेला नव्हता. मावशी म्हणते, मुलगा परदेशी गेला आणि अक्कल गहाण ठेवून आला. मला त्याचं काही वाटत नाही. मी तिथे उभा होतो हे बाकी कुठल्या फोटोत आलं नसतं.

ऑगस्टमध्ये मेलबर्नचा सहावा लॉकडाऊन लागला आणि पुन्हा मी त्याचा बबल झालो. पण म्हातारा आता वेगळा दिसत होता. पाय सुजलेले, बुटात जायचे नाहीत. झोपायला पलंगावर जाईना, आडवं झालं की दम लागतो म्हणून खुर्चीतच बसून राहायचा. बागेतला पाइप एके दिवशी तसाच लोळत पडलेला दिसला, ते बघून मला पहिल्यांदा भीती वाटली. मी गुंडाळायला गेलो तर पीळ पडला. खिडकीतून तो बघत होता. त्यानं काही सांगितलं नाही, एरवी सांगितलं असतं.

रविवार तो चुकवत नव्हता. शर्ट, दिवा, बेकिंग पेपर. "दिसली?" "नाही." मी एकदा चिडून म्हटलं, "तुमची मुलगी दगड आहे." तो म्हणाला, "नाही. ती हलत नाही एवढंच. माझ्याकडून शिकली असेल."

सप्टेंबरच्या मधल्या एका शनिवारी दुपारी मीच ॲम्ब्युलन्स बोलावली. गाऊन, मास्क, चष्मे घातलेली दोन माणसं आली. कोण बाई कोण बुवा कळायला मार्ग नव्हता. मला बरोबर जाता येणार नव्हतं, हॉस्पिटलात भेटायला कुणालाच सोडत नव्हते. स्ट्रेचरवरून त्यानं माझी बाही धरली.

"उद्या सहाला आयपॅड वाजेल. उचल."

"उचलतो."

"तिला सांग, मी शूटिंगला गेलोय. सहा आठवड्यांत येतो." मग त्यानं डोळे मिटले आणि बाही सोडली नाही. "नको. ते नको सांगू."

रविवारी पावणेसहाला मी त्याच्या किल्लीनं घर उघडून माझ्या फुलीवर बसलो. दिवा लावला नाही. वाजलं. काळा चौकोन, ए. मी इंग्रजीत सांगितलं की मी कोण आहे. ती म्हणाली, "बबल." तिला माहीत होतं. मग मी बाकीचं सांगितलं: हृदय, फुप्फुसात पाणी, डॉक्टर काय म्हणतात. आणि सांगितलं की ते मी काम करतो त्याच हॉस्पिटलात आहेत आणि त्या वॉर्डात चित्रलेखा म्हणून आमच्या पुण्याची नर्स आहे, माझ्या ओळखीची. ती त्यांच्यासमोर फोन धरायला तयार आहे. आता लगेच. "फक्त तुमचा कॅमेरा लावा," मी म्हटलं. "त्यांना एवढंच हवंय."

मला वाटलं लाइन गेली.

"२००६ मध्ये माझी आई वारली," ती म्हणाली. "मी त्याला फोन केला. येतो म्हणाला. मग म्हणाला शूटिंग आहे, पुढे ढकलता येत नाही. मी चॅपलच्या दाराजवळ उभी राहिले. तासभर. पुढे पहिल्या रांगेत माझी खुर्ची होती. मी दारात उभी राहून पार्किंगकडे बघत होते, टॅक्सी येईल म्हणून. नंतर मी विचारलं, कुठली एवढी मोठी फिल्म होती. तुला माहीत आहे?"

मला माहीत होतं. स्वेटरवाला माणूस, खोकं, गुडघे. मी सांगितलं नाही.

"आज नको," ती म्हणाली. "उद्या. याच वेळी. उद्या मी लावते."

सोमवारी सकाळी पावणेअकराला तळघरातला फोन वाजला. मी गुडघ्याच्या ऑपरेशनचा ट्रे लावत होतो. चित्रलेखा होती. "व्हॅलेंटाइन, ते गेले रे. साडेनऊला. मी होते जवळ." तो चौथ्या मजल्यावर होता. मधे पाच जिने. लिफ्टनं एक मिनिट. पण माझ्याकडे तळघराचं कार्ड होतं, वरचं नव्हतं. मी थँक्यू म्हटलं. ट्रे अर्धा झाला होता, तो पूर्ण केला, कारण अर्धा ट्रे सोडता येत नाही. सगळं बरोबर लागलं. आईच्या वेळी जसं होतं तसंच, आत कापूस भरल्यासारखं.

सहाला मी आन्केला फोन लावला. तिनं उचलला. काळा चौकोन. मी सांगितलं. ती एक शब्द बोलली नाही आणि मीही फोन ठेवला नाही. वीस मिनिटं आम्ही दोघं तसेच होतो. रविवारच्या फोनला साधारण तेवढाच वेळ लागायचा.

अंत्यविधीला दहा माणसांची परवानगी होती. आम्ही दोघं झालो, मी आणि ॲग्नेस. लॉर्नाच्या वेळीच त्यानं स्वतःचंही ठरवून ठेवलं होतं: भाषण नाही, पाद्री नाही, पंधरा मिनिटं. पेटीचं झाकण आधीच बंद केलेलं. आमच्याकडे शेवटपर्यंत उघडं ठेवतात, त्यामुळे मला ते झाकण खोटं वाटत होतं, आत कुणी नसल्यासारखं. चॅपलमध्ये दीड-दीड मीटरवर जमिनीला स्टिकर लावले होते. ते बघून ॲग्नेसनं माझा हात घट्ट धरला.

चारला मी आन्केला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळचे आठ. ए.

"तुम्ही इथे असतात तर कुठे उभ्या राहिल्या असतात?" मी विचारलं.

"दाराजवळ," ती म्हणाली. तिला विचार करावा लागला नाही.

म्हणून मी मागे जाऊन दाराजवळ उभा राहिलो. फोन छातीच्या उंचीवर. दारातून बघितलं की रिकाम्या खुर्च्यांच्या पाठीच जास्त दिसतात. ॲग्नेसचं डोकं. लांब, टोकाला, लहानशी पेटी. मी हललो नाही. हात अवघडला तरी नाही. फ्युनरलवाली बाई एकदा जवळ येऊन हळूच म्हणाली, "You can go closer, love. No worries." मी मान हलवली. दहा मिनिटं अशी गेली. मागे पार्किंगमध्ये एक गाडी वळून गेली आणि फोनमधून आन्केचा श्वास ऐकू आला.

मग चौकोन उजळला.

मी खाली बघितलं. गोल चेहरा, चष्मा, केस आखूड आणि निम्मे पांढरे. नाक त्याचं. सरळ त्याचंच नाक. तिनं एक दिवा डाव्या बाजूला ठेवला होता. ती समोर बघत होती, हनुवटी किंचित वर.

त्यानं मला दोनच गोष्टी शिकवल्या होत्या, माणसाच्या जागी उभं राहायचं आणि हलायचं नाही. मी चालायला लागलो. खुर्च्यांच्या मधून, स्टिकरांवरून, थेट पुढे. पेटीजवळ पोचलो आणि फोन उलटा केला. स्क्रीन झाकणाकडे.

आता तिला पेटी दिसत नव्हती, मी दिसत होतो. खालून, वाकडा, मागे छत. असला शॉट त्यानं कधी घेतला नसता. माझा मास्क भिजून तोंडाला चिकटला होता आणि खांदे थांबत नव्हते. फ्युनरलवाल्या बाईनं घड्याळाकडे बघितलं. मी दोन्ही हातांनी फोन तिथे धरून ठेवला. आन्केनं कॅमेरा बंद केला नाही.